जुना बेस अॅम्प्लिफायर भंगारात घालण्यापूर्वी

ऑर्केस्ट्रा असो की जयंतीच्या रात्रीची गायन पार्टी असो, श्रोत्यांची नजर गायकावर असते, फार तर ढोलकीवाल्यावर. मागच्या रांगेत उभा राहून चार जाड तारांची गिटार वाजविणाऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पण तो मध्येच थांबला की गाणे एकदम पोकळ वाटू लागते. काय कमी झाले हे सांगता येत नाही, पण छातीत घुमणारे काहीतरी गेले एवढे कळते.

या वाद्याला बेस गिटार म्हणतात. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची जाड तार ८२ वेळा. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली बोलते. इतका खर्जातला स्वर मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा तर स्पीकर मोठा लागतो आणि ताकदही भरपूर लागते. वाद्याचे अंग भरीव लाकडाचे, आत पोकळी नाही. त्यामुळे अॅम्प्लिफायरशिवाय ते जवळजवळ मुकेच असते. अॅम्प बंद पडला की वादकाची त्या रात्रीची बिदागी बुडाली, असा सरळ हिशेब आहे.

नवा चांगला अॅम्प घ्यायचा तर कित्येक महिन्यांची कमाई त्यात जाते. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रान्झिस्टरचे अॅम्प आजही अनेक वादक सांभाळून आहेत. ते बिघडले की दोनच सल्ले ऐकू येतात. एक, "भंगारात घाला." दुसरा, "आऊटपुट उडालेत, बदलून देतो, उद्या घेऊन जा." वाचक हो, हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात. पहिल्याने चांगली वस्तू जाते. दुसऱ्याने पैसे जातात, आणि महिन्याभरात अॅम्प पुन्हा त्याच टेबलावर येतो.

थोडे मागे जाऊ. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली आणि १९५२ साली तिच्यासाठी बेसमन नावाचा अॅम्प काढला. तो व्हॉल्व्हचा होता. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेच्याच बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात लागला होता, परंतु मोठ्या आवाजाचे काम त्याच्याकडून करून घ्यायला आणखी दीड-दोन दशके जावी लागली. फेंडरने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे अॅम्प काढले तेव्हा ते इतके बिघडत की वादकांचा त्यावरचा विश्वासच उडाला. पुढे इतर कंपन्यांनी हे काम जमविले. कॅन्सास राज्यातल्या कस्टम कंपनीचे अॅम्प मोटारीच्या गुबगुबीत सीटसारख्या रंगीत रेक्झिनात मढविलेले असत. लॉस एंजेलिसच्या अॅकॉस्टिक कंपनीचा ३६० नावाचा अॅम्प १८ इंची स्पीकरच्या पेटीवर चाले आणि जाको पास्टोरियससारख्या नामवंत बेसवादकाने तो आपलासा केला. मिसिसिपीतील मेरिडियन गावी १९६५ साली सुरू झालेल्या पीव्ही कंपनीने तर दणकट आणि परवडणारे अॅम्प हेच आपले ब्रीद केले. तिच्या टीएनटी मालिकेत अॅम्प आणि १५ इंची स्पीकर एकाच पेटीत असे. बोटीवर किंवा परदेशातल्या हॉटेलांत वाजवून परतलेल्या वादकांबरोबर अशी यंत्रे मुंबई-गोव्याकडे आली आणि मग हातोहात फिरत राहिली.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या मरणात एक फरक आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. व्हॉल्व्ह गेला की बल्बसारखा उपटून दुसरा बसविता येतो. ट्रान्झिस्टरच्या अॅम्पमध्ये एक पार्ट दुसऱ्याला थेट जोडलेला असतो. एक गेला की तो शेजाऱ्याला घेऊन जातो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि शेवटी स्पीकरचीही कॉइल जळते. म्हणून जो पार्ट काळा पडलेला दिसतो तो पुष्कळदा गुन्हेगार नसून बळी असतो. गुन्हेगार शेजारी धडधाकट दिसत बसलेला असतो. जुना अॅम्प दुरुस्त करणे म्हणजे त्याला हुडकून काढणे. ते न करता नवा पार्ट बसविणे म्हणजे आणखी एक बळी देणे होय.

आधी जिवाची काळजी

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. मागच्या पाटीवर फक्त १२० लिहिले असेल आणि कोणी तो सरळ आपल्या भिंतीच्या पॉइंटला लावला, तर दुरुस्तीचा खर्च त्या क्षणीच वाढला असे समजावे. त्याला योग्य वॉटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि इकडची ५० ची. केवळ ६० साठी बनविलेला ट्रान्सफॉर्मर इकडे थोडा जास्त तापतो, म्हणून पेटीच्या मागे हवा खेळती ठेवावी.

त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. त्या काळच्या अनेक अमेरिकन अॅम्पना दोनच पिनांची वायर असे, आणि गुणगुण कमी करण्यासाठी मेनच्या एका तारेपासून पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की सांगाड्यात करंट, सांगाड्यातून गिटारच्या तारांत, तारांतून वादकाच्या बोटांत. एका हाताने तारा धरलेल्या आणि ओठ किंवा दुसरा हात माइकला लागलेला, म्हणजे सर्किट पूर्ण झाले. तिकडचे मेकॅनिक या पार्टला 'मृत्यूचा कंडेन्सर' म्हणतात ते उगाच नव्हे. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर सर्वांदेखत गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. तेव्हा जुन्या अॅम्पचे पहिले काम आवाजाचे नाही. तो कंडेन्सर काढून टाकावा, तीन पिनांची वायर बसवावी, आणि हिरवी तार सांगाड्याला स्क्रूने पक्की आवळावी. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हेही कार्यक्रमाच्या आधी पाहून घ्यावे. मंडळाचे कार्यकर्ते लाइटिंगसाठी हजारो रुपये मोजतात, एवढी तपासणी सहज होऊ शकते.

आता पेटी उघडायची. प्लग काढला म्हणजे धोका संपला असे नाही. आत डब्याएवढे दोन मोठे कंडेन्सर असतात, हजारो मायक्रोफॅरडचे, आणि प्लग काढल्यावरही ते वीज धरून ठेवतात. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून 'फट्' आवाज काढतात. तो पराक्रम करू नये. सुमारे २२० ओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्शुलेटेड वायरींनी काही सेकंद धरावा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करावी. सेट उघडा असताना घरातल्या मुलांना खोलीत फिरकू देऊ नये, हे आईवडिलांनी पाहावे.

बल्ब सांगतो ते ऐका

दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत कामाची वस्तू महागडे मीटर नसून सिरीज बोर्ड आहे. १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब अॅम्पच्या वाटेत सिरीजमध्ये लावायचा, एवढेच. एलईडीचा बल्ब येथे चालत नाही. तारेचे बल्ब आता कमी मिळतात, म्हणून मिळाले तर दोन-तीन घेऊन ठेवावेत. अॅम्प चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तो करंट स्वतः अडवून बाकीचे पार्ट वाचविलेले असतात. बल्बची किंमत काय, आणि तो वाचवतो काय! तरीही घाईत हा बोर्ड न वापरणारे मेकॅनिक आहेत. नवे ट्रान्झिस्टर बसवून थेट मेनला लावतात, पुन्हा धूर निघतो, आणि बिल मात्र ग्राहकाच्या नावावर चढते.

बल्ब लखलखला की संशय सर्वप्रथम आऊटपुट ट्रान्झिस्टरवर. हे बहुधा धातूच्या टोपीचे, दोन स्क्रूंनी अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला आवळलेले असतात. त्यांची टोपी म्हणजेच कलेक्टर. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस आणि एमिटर यांत ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा आला तर ठीक. कलेक्टर आणि एमिटर यांत शून्य येऊन बझर वाजला तर तो गेला. शेजारचे पांढरे सिमेंटचे अर्ध्या ओहमहून लहान रेझिस्टन्सही तपासावेत, कारण ट्रान्झिस्टर शॉर्ट होताना ते बरेचदा ओपन होतात.

येथे एक घोळ नेहमी होतो, आणि तो या दुरुस्तीतला सर्वांत महाग घोळ आहे. अमेरिकन कंपन्या पुष्कळदा ट्रान्झिस्टरवर बाजारातला नंबर न छापता स्वतःचाच नंबर छापत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो नंबर सांगितला तर दुकानदार मान हलवतो. मग काउंटरवर नाव निघते २ एन ३०५५ चे. हा ट्रान्झिस्टर साठच्या दशकापासून घराघरात माहीत, दणकट आणि स्वस्त. दिसायलाही अगदी तसाच. भोके जुळतात, पाय जुळतात. बसविला की आवाजही येतो.

पण हिशेब पाहा. ४ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर अॅम्पला साधारण अधिक ४० आणि उणे ४० व्होल्टचा सप्लाय लागतो. लाट एका टोकाला गेली की विरुद्ध बाजूच्या ट्रान्झिस्टरवर जवळजवळ ८० व्होल्टचा ताण येतो. ३०५५ ची मर्यादा ६० व्होल्टची आहे. घरात हळू आवाजात वाजविला तर तो तग धरेल, मैदानात आवाज वाढविला की मरेल. तेथे २ एन ३७७३ किंवा एमजे १५००३ सारखा १४० व्होल्टचा पार्ट हवा, आणि तोही खात्रीच्या दुकानातून, बिलासह. कारण टोपीवर मोठा नंबर छापलेले आणि आत लहानसा तुकडा असलेले नकली ट्रान्झिस्टर बाजारात पुष्कळ आहेत. भाव फारच कमी सांगितला तर खुश होण्याऐवजी सावध व्हावे.

नवा पार्ट बसविताना टोपी आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पातळ कागद जागेवर हवा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट पातळ लावलेली हवी. मग मीटरने टोपी आणि हीटसिंक एकमेकांना लागत नाहीत ना, हे पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

एवढे करूनही सिरीज बोर्डावरचा बल्ब लखलखत राहिला तर? तर आपण गुन्हेगाराच्या जवळ आलो. ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की तो तापला की जास्त करंट ओढतो, आणि जास्त करंट ओढला की आणखी तापतो. हे चक्र थांबले नाही तर तो स्वतःलाच जाळून घेतो. म्हणून हीटसिंकलाच एक लहानसा डायोड किंवा लहान ट्रान्झिस्टर चिकटविलेला असतो. हीटसिंक तापले की तोही तापतो आणि मोठ्या भावांना थोडे आवरते घ्यायला लावतो. दोन बारीक तारांवर त्याची नोकरी चाललेली असते. आता विचार करा. त्याच पेटीत १५ इंची स्पीकर खर्जात दणदणतो आहे, टेंपोतून खड्ड्यांवरून पेटी गावोगाव फिरते आहे, आणि हे चाळीस वर्षे. एक बारीक तार सोल्डरपाशी तुटते. डोळ्यांना दिसतही नाही. पहारेकरी गेला की आऊटपुट ट्रान्झिस्टर पूर्ण करंट ओढू लागतात आणि जळतात. मेकॅनिक नवे घालतो, तेही जळतात. मग "या मॉडेलमध्येच दोष आहे" असा निकाल दिला जातो! तो डायोड तपासायला मीटर लागतो आणि दोन मिनिटे लागतात. तुटलेला सांधा पुन्हा सोल्डर करायला तर काहीच खर्च नाही.

बल्ब मंद झाला की स्पीकर न जोडता त्याच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. आम्ही हिशेबाची माणसे, आम्हांला हे फार पटते. अधिक बाजू आणि उणे बाजू बरोबर जुळली तर मधली बाकी शून्य यायला हवी. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ताळेबंद जुळला. तेथे ३०-४० व्होल्ट दिसले तर कुठेतरी मोठा अपहार झालेला आहे, आणि त्या अवस्थेत स्पीकर जोडला तर त्याची कॉइल पाहता पाहता जळते. साठच्या दशकातल्या काही अॅम्पमध्ये मात्र एकच सप्लाय असतो. तेथे आतल्या मधल्या बिंदूवर सप्लायच्या निम्मे व्होल्टेज दिसते आणि स्पीकरच्या वाटेत एक मोठा कंडेन्सर असतो. ते पाहून घाबरू नये.

गुणगुण येत असेल तर तिचा सूर ऐकावा. व्हॉल्यूम बंद ठेवूनही येणारी, जरा चढ्या सुराची, १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकले आहेत. ते बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त घ्यावेत, आणि अधिक-उणे बाजू दोनदा पाहावी. उलटा लागलेला कंडेन्सर फुटतो. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होणारी ५० हर्ट्झची जड गुणगुण असेल तर दोष बहुधा वायरीत किंवा इनपुटच्या जॅकमध्ये.

किरकोळ गोष्टी पुष्कळदा मोठ्या आजाराचे सोंग घेतात. आवाज येतो-जातो, कधी दबतो, पेटीवर थाप मारली की पुन्हा येतो. मागे प्री-अॅम्प आऊट आणि पॉवर-अॅम्प इन असे दोन जॅक असतील तर एका छोट्या वायरीने ते जोडून पाहावेत. आवाज परत आला तर ट्रान्झिस्टर निर्दोष आहेत, केवळ जॅकच्या आतली पत्ती काळी पडलेली आहे. खरखरणाऱ्या बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती वीस-पंचवीस वेळा फिरवावीत. तेथे शिलाई मशीनचे तेल घालू नये, कार्बनची पट्टी त्याने खराब होते आणि वर धूळ बसते.

स्पीकरची कॉइल जळाली असेल तरी चुंबक आणि लोखंडी टोपली चांगली असल्यास कारागीर नवी कॉइल आणि कोन बसवून देतात. फक्त हे काम अॅम्प पूर्ण बरा झाल्यावरच करावे, आधी नाही.

ज्यांना स्वतः हे करायचे नाही त्यांनी मेकॅनिककडे अॅम्प देताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. जळण्याचे कारण काय सापडले? बसविलेला पार्ट किती व्होल्टचा? काढलेले जुने पार्ट परत मिळतील ना? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो खुर्ची पुढे करून मीटर दाखवतो. आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत असलेल्या आपल्या मुलामुलींनी मोबाइलच्या बरोबरीने हे कामही हातात घ्यावे. जुन्या अॅम्पमधले पार्ट मोठे, सुटे आणि डोळ्यांना दिसणारे असतात. शिकायला याहून चांगली पाटी नाही, आणि हे काम नीट करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

शेवटची परीक्षा घाईची नसावी. प्रथम सिरीज बोर्डावर, मग थेट मेनवर, पण स्पीकरऐवजी ४ ओहमचा मोठ्या वॉटचा रेझिस्टन्स जोडून तासभर चालू ठेवावा. दर दहा मिनिटांनी हीटसिंकला हात लावून पाहावा. कोमट असावे, चटका बसू नये. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असाव्यात. तासाभराने मधली बाकी पुन्हा मोजावी. ती जागची हलली नसेल तर एखादा स्वस्तातला स्पीकर जोडून गाणे लावावे, आणि त्यानंतरच त्या १५ इंची स्पीकरच्या वायरी टर्मिनलला आवळून वादकाला सांगावे, हं, आता जाड तार छेड.